दृष्टांतातली गाडी

मंगळवारी सकाळी जव्हारच्या अलीकडच्या चढावर सखाची पिकअप आठवड्यात तिसऱ्यांदा तापली. काटा लाल रेषेत जाऊन बसला, बोनेटच्या फटींतून वाफ निघू लागली, आणि सखाने गाडी मुकाट्याने कडेच्या मोहाच्या झाडाखाली घेतली. मागे नाचणीची दहा पोती होती. सखा उतरला, बोनेटची दोरी सोडली, आत पाहिलं आणि गळ्यातली तुळशीची माळ हातात घेतली. तापलेल्या रेडिएटरचं टोपण लगेच उघडायचं नसतं, हे त्याला अठरा वर्षांपूर्वी, हात भाजून, कळलं होतं. तेव्हापासून त्याचं माप ठरलेलं होतं. माळेचे दोन फेरे, सावकाश, मध्ये कुणाशी बोलायचं नाही. तेवढ्यात गाडीही शांत होते आणि गाडीवालाही.

दुसरा फेरा संपत आला तेव्हा खिशातला फोन वाजला. वांगणीच्या सप्त्याच्या समितीचा होता.

"सखादा, शनिवारी काल्याचा कीर्तन दहाला हाय. बुवांना आनायला तूच जाशील ना?"

"मीच जानार. दुसरा कोन जाईल?"

"गाडी ठीक हाय ना? नाय, मंडळी म्हणत होती, तुषारची नवी गाडी हाय. आत थंड हवा सुटते. बुवांना बरा वाटल."

सखाने समोरच्या वाफेकडे पाहिलं. "गाडी ठीक हाय," तो म्हणाला आणि फोन ठेवून जीभ चावली. हातात माळ असताना खोटं बोलला होता.

हेमराजबुवा मोखाड्याचे. भात-नाचणी करून कीर्तन करणारे. आवाज असा की वीज गेली तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचावा. गेली सात वर्षं जव्हार-मोखाड्याच्या कुठल्याही पाड्यावर सप्ता असला की बुवांना, त्यांच्या पखवाजाला आणि सहा टाळकऱ्यांना न्यायचं ते सखाच्या गाडीतून. साखरशेतचा हा सखा टाळ वाजवायला बसला की टाळ एकीकडे आणि अभंग दुसरीकडे जाई. गायला लागला की शेजारची माणसं प्रेमाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवत. वाचता येत होतं ते पाट्यांपुरतं. विठोबासाठी त्याला करता येण्यासारखं या जगात एकच होतं, स्टिअरिंग धरणं. लोक त्याच्या पिकअपला 'बुवांची गाडी' म्हणत, आणि ते ऐकलं की सखाला आपल्या डोक्यावर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटे. ती जागा तुषारच्या थंड हवेला द्यायला तो तयार नव्हता.

टोपण उघडलं तर आत पाणी अर्ध्यावर. सखाने आपल्या प्यायच्या दोन्ही बाटल्या ओतल्या आणि हळूहळू जव्हार गाठलं.

संदीपचं गॅरेज बसस्टँडच्या मागे होतं. चार वर्षं भिवंडीत काम शिकून आलेला हा पोरगा हाताने हुशार होता, आणि इंजिनाबद्दल बोलताना त्याच्या तोंडी आपोआप हिंदी यायची.

"सखादा, बूढी हो गयी गाडी."

"बूढी माझी आय पन हाय. सत्तर वर्षांची. अजून दोन हांडे घेऊन चढ चढते. तापत नाय."

संदीप हसला. त्याने टोपण उलटंसुलटं करून पाहिलं. आतलं रबर चिरलेलं होतं. "हा बघ. टोपण दाब धरत नाय. पाणी उकळून बाहेर जातो. नवीन टाकतो, आणि साधा पानी बंद. कूलंट टाकतो, हिरवा. गाडी बर्फासारखी चालंल."

संध्याकाळी सखा नवं टोपण आणि गळ्यापर्यंत हिरवंगार कूलंट घेऊन साखरशेतला परतला. काटा मध्यावरून हलला नव्हता. जेवताना त्याने बायकोला, सरूला, सगळं सविस्तर सांगितलं. त्याची आई बायडी चुलीपाशी बसून ऐकत होती.

"आता तापायची नाय," सखा म्हणाला.

"नाय तापायची," बायडीने खात्रीने मान हलवली.

बुधवारी सकाळी त्याच चढावर, त्याच मोहाखाली, गाडी पुन्हा तापली.

या वेळी माळेचे चार फेरे झाले, कारण पहिले दोन रागात गेले होते आणि ते सखाने धरले नाहीत. टोपण उघडलं. पाणी पुन्हा खाली. बाटल्या ओतून तो गॅरेजात पोचला.

संदीपने बोट बुडवून पाहिलं. "कूलंट कुठंय?"

"आतच असंल."

"हा तर विहिरीचा पानी हाय. किती टाकला वाटेत?"

"दोन बाटल्या."

"दोन बाटल्यांनी हिरव्याचा पांढरा होतो काय? जरा पोपटी तरी राहिला असता."

दुपारपर्यंत संदीप गाडीखाली होता. वरचा पाइप, खालचा पाइप, क्लिपा, पाण्याचा पंप, हीटरचे नळ, सगळं त्याने बोटाने चाचपलं. मग रेडिएटरच्या तोंडावर दाब मोजायचा हातपंप लावला आणि दोघं काट्याकडे बघत बसले. पाव तास झाला, अर्धा तास झाला. काटा कीर्तनात बसलेल्या म्हाताऱ्यासारखा एका जागी स्थिर.

"कुठंच गळत नाय," संदीप म्हणाला. गळती सापडली नाही याचं त्याला वाईट वाटत होतं.

"मग जातो कुठं?"

"तेच तर. थर्मोस्टॅट चांगला हाय. पंप चांगला. पंखा फिरतो. तुझ्या घरी गाडी मातीत उभी असते ना? माती थेंब पिऊन टाकते, कळत नाय. आज रात्री गाडी फरशीवर लाव. खाली पुठ्ठा टाक. आणि सकाळी कायपन उघडू नको, बोनेटला हात लावू नको. सरळ माझ्याकडे ये."

फरशीचं अंगण होतं मोखाड्याला, सखाच्या बहिणीकडे. पुष्पलताच्या नवऱ्याने गेल्या वर्षीच घरासमोर कोबा केला होता. संदीपने पुन्हा हिरवं कूलंट भरलं आणि सखा गाडी घेऊन तिकडे गेला. पुष्पलताने भावासाठी तांदळाची भाकरी केली. गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवताना ती शेजारी कंदील घेऊन उभी राहिली आणि गाडीला काय होतं ते तिने बारकाईने विचारून घेतलं.

"शनिवारी बुवांना न्यायचाय ना दादा?"

"न्यायचाय. पन ही नेऊ देल तर."

"देल, देल. तू झोप निवांत. चार दिवस झोपलेला दिसत नाय."

सखा खरंच निवांत झोपला. सकाळी उठून पाहिलं तर पुठ्ठा कोरडा ठणठणीत. त्याने बोनेटला हात लावला नाही, चहा घेतला आणि निघाला. अर्ध्या वाटेत काटा चढू लागला. मग त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, बैलाला चुचकारावं तशी बोलत बोलत, कशीबशी जव्हारपर्यंत आणली.

गाडी निवल्यावर संदीपने टोपण उघडलं, आत पाहिलं, सखाकडे पाहिलं आणि पुन्हा आत पाहिलं.

"सखादा, मी काय सांगितला होता?"

"कशाला हात लावू नको."

"आणि तू पानी टाकलास."

"नाय टाकला."

"मग हा काय हाय? पांढरा पानी. अर्धा कमी."

"मी थेंब टाकला नाय."

"खोटा बोलू नको यार. मी डॉक्टरसारखा इथं विचारतो आणि पेशंटच खोटा बोलतो."

सखाने माळ मुठीत धरली. "ह्या माळेची शपथ. पुठ्ठा कोरडा, बोनेट बंद. मी रात्रभर झोपलो होतो."

माळेपुढे संदीपचं काही चाललं नाही. त्याने पुन्हा हिरवं कूलंट भरलं, टोपण उघडंच ठेवून इंजिन सुरू केलं आणि रेडिएटरच्या तोंडात टॉर्च धरली. थोड्या वेळाने आतून बुडबुडे येऊ लागले. एक, दोन, मग ओळीने. संदीपचा चेहरा गंभीर झाला. त्याने इंजिन बंद केलं आणि हात पुसले.

"हेड गॅसकेट," तो हळू म्हणाला. "इंजिनाच्या हेडखालची पट्टी फाटली. बाहेर गळत नाय म्हणजे आत पितेय. इंजिनातली हवा पाण्यात येते, त्याचे हे बुडबुडे. ऑइल साफ दिसतो, धूरपन पांढरा नाय, ते कसा काय ते मला कळत नाय. पन बुडबुडे खोटे बोलत नाय. हेड उतरवायला लागंल. नाशिकला पाठवून घासून आनायचा. चार दिवस."

"शनिवारनंतर उतरवू."

"असाच चालवलास तर इंजिन जाम होल. बुवा आत बसलेले असताना वांगणीच्या चढावर जाम झाला तर काय करशील? बुवांना धक्का मारायला उतरवशील?"

सखा गाडीच्या पायरीवर बसला. बुवा धोतर खोचून गाडी ढकलतायत आणि मागून तुषार थंड हवेत बसून हॉर्न वाजवतोय, असं चित्र त्याला स्पष्ट दिसलं. "उद्या सकाळी आनून देतो," तो शेवटी म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने समितीचा नंबर तीनदा काढला आणि तीनदा फोन खिशात ठेवला. आपल्या सेवेत कुठं काय चुकलं, ते तो आठवू लागला. सात वर्षांत एकदाही बुवांना उशीर केला नव्हता. एकदाही भाड्याचं नाव काढलं नव्हतं. आणि कीर्तन तर एकही सोडलं नव्हतं. गाडी लावली की मंडपात पहिल्या रांगेत, खांबाला टेकून. असं असताना देवाने आपल्याच गाडीतलं पाणी का प्यावं, ते त्याला समजेना.

"जेव," सरू म्हणाली. "गाडी काय माणूस हाय? बिघडते."

"माणूस असती तर सांगितला तरी असता काय दुखता ते."

शुक्रवारी तो साडेचारलाच उठला. उजाडायच्या आत गाडी संदीपकडे नेऊन ठेवायची, म्हणजे गावातल्या कुणी विचारायला नको. चपला घालून तो अंगणात आला आणि थांबला. गाडीचं बोनेट उघडं होतं. दोरी नीट गुंडाळून आरशाला अडकवलेली. टपावर बॅटरी ठेवून तिचा उजेड इंजिनावर पाडला होता. आणि रेडिएटरखाली घमेलं सरकवून, पदर खोचून, त्याची आई उकिडवी बसली होती. घमेल्यात हिरवी धार पडत होती. शेजारी घासलेला तांब्याचा हांडा भरून ठेवलेला.

"आये," सखा म्हणाला. "काय करतेस?"

"उठलास? हळू बोल, सरू झोपलीय." बायडीने मान वर केली नाही. "बघ, बघ कसा झालाय पानी. एका रात्रीत शेवाळ धरतो. हिरवागार. असा पानी बैलाला तरी पाजतो काय कुनी?"

"ते शेवाळ नाय, आये."

"मग हिरवा कशाला झाला?"

सखा तिच्याजवळ जमिनीवर बसला. "कधीपासून करतेस हे?"

"झाले की आठ-दहा दिवस. पयलाच हांडा हिला. विहिरीवर आता पानी कमी, नंबर लावायला लागता, पन पयला हांडा हिचाच. मग घरात." तिने रेडिएटरच्या तळाची चावी घट्ट पिळली, सराईतपणे. दर पावसाळ्याआधी सखा ती पिळताना तिने पाहिलं होतं. मग उठून तिने हांडा उचलला आणि भडाभडा रेडिएटरच्या तोंडात ओतला. पाणी गळ्याशी आलं तशी थांबली. बोटाने गाडीच्या कपाळाला कुंकू लावलं. "झाला. आता नाय तापायची."

"कुनी सांगितला तुला असा करायला?"

बायडीने आता पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. तिला प्रश्नच कळला नव्हता. "कुनी म्हणजे? बुवांनी."

"बुवांनी? कधी?"

"वावर गावच्या सप्त्यात. तू होतास की. पयल्या रांगेत. तुझाच तर दृष्टांत दिला त्यांनी." आणि बायडीने अंगणात उभं राहून, हातवाऱ्यांसकट, बुवांच्या चालीत सांगितलं. हा देह म्हणजे सखाची गाडी. सखाची गाडी तापते कशानं, तर आत कालचंच पाणी. माणूस तापतो कशानं, तर आत कालचाच राग. शिळं ओतून द्या, माउलींनो, आणि रोज पहाटे ताजं भरा. मग बघा, गाडी घाट चढते की नाही. "सगल्या बाया रडल्या," ती म्हणाली. "तुझ्याकडे बघत होत्या. तू डोळे मिटून ऐकत होतास. मला एवढा बरा वाटला."

सखाच्या कानशिलात ऊन लागल्यासारखं झालं. वावरचा सप्ता. दोन दिवस नाचणी भरून झाली होती, दुपारी पुरणपोळी झाली होती, खांब अगदी पाठीला बसेल असा होता. अभंगाचं पहिलं चरण त्याला आठवत होतं. त्यानंतर आठवत होता तो थेट आरतीचा कापूर.

"पुष्पलता पन होती वावरला?" त्याने विचारलं.

"सासूला घेऊन आली होती की."

सखाने तिथूनच बहिणीला फोन लावला. पुष्पलता जागी होती.

"पुष्पा, परवा गाडीचा पानी काढलास?"

"काढला तर. घमेल्यात काढला, तुझा पुठ्ठा भिजू दिला नाय. केवढा हिरवा होता रे दादा. आनि तू बुवांची गाडी म्हनवतोस."

संदीपने गॅरेजात हे सगळं उभ्याने ऐकलं, मग बसून ऐकलं. "म्हणजे बुडबुडे..."

"काय?"

"साधी हवा. रोज पाणी काढायचा, वरून भसकन ओतायचा. आत हवा अडकनार. गाडी तापली की हवा हलनार, पानी खाली बसनार. मी हेड खोलनार होतो, सखादा. एका हांड्यासाठी." त्याने कपाळ पुसलं. "भिवंडीत चार वर्षं काढली. असा केस नाय बघितला."

त्याने गाडी चढाकडे तोंड करून उभी केली, टोपण उघडं ठेवून इंजिन चालू ठेवलं, आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं हिरवं कूलंट ओतत राहिला. मग म्हणाला, "झाला. आता हिला कुनी हात लावला नाय तर उद्या वांगणीच काय, दिल्लीला जाल."

कुणी हात लावायचा नाही, एवढंच आता राहिलं होतं, आणि तेच अवघड होतं. घरी येऊन सखाने आईला समजावलं. हिरवं पाणी मुद्दाम टाकतात, ते शिळं होत नाही, ते काढलं की गाडी तापते.

"कोन म्हणता?"

"संदीप."

"संदीप कुठं कीर्तन करतो?"

"आये, तो मिस्त्री हाय."

"आसू दे मिस्त्री. बुवांपेक्षा जास्त कळता काय त्याला?"

 बुवांचं चुकलं असं आईसमोर म्हणायला त्याची जीभ उचलेना, आणि बुवांचं बरोबर म्हणावं तर गाडी जळणार. बुवांचा शब्द बुवांनीच मागे घ्यायला हवा होता. त्याने घरामागे करवंदीच्या जाळीपाशी जाऊन बुवांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. 

"सखा," बुवा म्हणाले, "हा दृष्टांत मी वावरला दहा-बारा दिवसांपूर्वी दिला. तू समोर बसला होतास."

"हो बुवा."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस, की बुवा, गाडीचं असं नसतं म्हणून?"

सखा करवंदीची पानं तोडू लागला.

"झोपला होतास?"

"डोळे मिटले होते, बुवा."

"तुझं नाव मी तीनदा घेतलं रे."

"आवाज पोचला असंल, बुवा. मीच नव्हतो तिथं."

बुवा हसले. त्यांच्या हसण्यात राग नव्हता. उलट त्यांनाच अपराध्यासारखं वाटत होतं. आपल्या तोंडच्या शब्दासाठी एक म्हातारी रोज विहिरीवरून हांडा आणते, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. "उद्याच्या कीर्तनात मी सांगतो," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगतो, माझं चुकलं म्हणून."

सखाला हायसं वाटलं. अंथरुणावर पडल्यावर मात्र त्याच्या लक्षात आलं की कीर्तन दहाला आहे आणि आई उठते चारला.

तो साडेतीनलाच अंगणात जाऊन गाडीच्या पायरीवर बसला. चारला दार वाजलं. बायडी घमेलं आणि बॅटरी घेऊन आली; पोराला पाहून तिला समाधान वाटलं. "आज तू पन उठलास. बरा झाला. काढ ती दोरी."

सखाने दोरी काढली, बोनेट वर केलं आणि रेडिएटरसमोर आडवा उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. बॅटरीच्या उजेडात त्याची नजर इंजिनाच्या कडेला गेली. तिथं काच धुवायच्या पाण्याचा प्लास्टिकचा डबा होता. तो कधी भरला होता ते त्याला आठवेना. तळाशी बोटभर काळं पाणी आणि त्यात एक मेलेला भुंगा.

"आये," तो म्हणाला, "हा हिरवा पानी म्हणजे गाडीचा रक्त. रक्त रोज काढतात काय?"

"रक्त लाल असता."

"माणसाचा लाल. पानं खुडली की झाडातनं काय निघता?"

बायडी विचारात पडली. "मग बुवा म्हणाले तो पानी कुठला?"

"तो हा." सखाने डब्याचं झाकण उघडून बॅटरी आत धरली. "प्यायचा पानी. इथं असतो."

बायडीने वाकून पाहिलं. भुंगा पाहिला. मग ती सरळ झाली आणि पोराकडे अशी बघत राहिली की सखाने मान खाली घातली.

"किती वर्षं झाली पाजला नाय हिला?"

"आठ... दहा झाली असतील."

"दहा वर्षं तहानलेली हिंडवतोस. बुवांना घेऊन. मग तापंल नाय तर काय करंल?"

तिने तो डबा काढायला लावला, राखेने घासला, तीनदा विसळला, आणि हांड्यातलं पाणी फडक्यातून गाळून त्यात भरलं. मग गाडीच्या कपाळाला कुंकू लावून ती तयार व्हायला आत गेली. वांगणीला तीही येणार होती. सखाने रेडिएटरच्या टोपणावर हळूच हात ठेवला. ते घट्ट होतं.

मोखाड्याला बुवा आणि टाळकरी चढले. जव्हारच्या अलीकडचा चढ आला, मोहाचं झाड आलं, मागे गेलं. काटा मध्यावर. शिरपामाळ मागे पडला, वावर आलं, पुढचा खडीचा रस्ता सुरू झाला आणि गाडी हत्तीसारखी डुलत चढू लागली. सखाचे डोळे रस्त्यापेक्षा काट्यावर जास्त होते. साडेनऊला ते वांगणीच्या मंडपासमोर उभे राहिले. समितीच्या माणसांनी बुवांना हात देऊन उतरवलं आणि एकाने सखाच्या पाठीवर थाप मारली. "तुषारला उगाच सांगून ठेवला होता," तो म्हणाला.  गाडी लावायला सावलीकडे नेताना सखाने एकट्यानेच विठोबाचं नाव दोनदा घेतलं, मोठ्याने आणि सुरात नसलेलं.

कीर्तनात तो खांबापासून लांब, ताठ बसला. दहीहंडी फुटायच्या आधी बुवा थांबले. टाळ थांबले. बुवांनी हात जोडले.

"माउलींनो, दहा-बारा दिवसांपूर्वी वावरला मी सखाच्या गाडीचा दृष्टांत दिला. तो चुकला. गाडीचं पाणी रोज काढायचं नसतं. मनाचं काढायचं. मला गाडीतलं काही कळत नाही. मी नुसता तिच्यात बसतो. चालवणारा वेगळा, दुरुस्त करणारा वेगळा. ज्यातलं कळत नाही त्यावर बोललो, मला क्षमा करा."

 कुठल्या तरी म्हाताऱ्याने डोळे पुसले. बायकांत कुजबुज झाली. काल्याचा प्रसाद वाटून होईपर्यंत बुवांच्या पाया पडायला नेहमीपेक्षा दुप्पट रांग होती. सखा सगळं जागेपणी ऐकून भरून पावला होता. आता कुणी त्याच्या गाडीला हात लावणार नव्हतं.

परतताना पुढे तिघं होते. सखा, मध्ये बायडी आणि खिडकीशी बुवा. खडीचा रस्ता संपून डांबर लागलं. मग बायडी म्हणाली, "केवढा मोठा माणूस. म्हणे, मला काय कळत नाय."

"आये, खरंच नाय कळत त्यांना गाडीतला," सखा म्हणाला.

"गप. संत असाच बोलतात. आपल्यासारख्यांनी आपला मोठेपणा सांगायचा, त्यांनी आपला लहानपणा सांगायचा. बाया सगल्या हेच म्हणत होत्या. संदीपला वाईट वाटू नये म्हणून बुवांनी आपल्यावर घेतला."

बुवा तिच्याकडे वळले. "आजी, नाही हो. मला खरंच त्यातलं काही कळत नाही."

"बघ," बायडी सखाला म्हणाली. "अजून तोच बोलतात."

 एका चरणावर दोन तास बोलणारे बुवा समोरच्या धुळीने भरलेल्या काचेकडे बघत राहिले. काय करावं ते न कळून सखाने सवयीने वायपरची दांडी ओढली. तशी दोन बारीक धारा काचेवर उडाल्या, वायपर एकदा फिरला, आणि समोरचा रस्ता, दोन्हीकडचे डोंगर, सगळं लख्ख झालं. दहा वर्षांत पहिल्यांदाच.

"ताजा पानी हाय," बायडी समाधानाने म्हणाली. "सकाळीच भरला."

"तुम्ही भरलंत, आजी?" बुवांनी विचारलं.

"मी. आता रोज भरनार."

बुवांनी त्या काचेतून बाहेर पाहिलं. मग त्यांनी झोळीतून लहानशी वही आणि पेन्सिल काढली, गुडघ्यावर ठेवली, आणि ओठांतल्या ओठांत काही जुळवत लिहायला लागले. सखाने तिरक्या नजरेने पाहिलं. अक्षरं त्याला लागली नाहीत, पण पहिल्याच ओळीतलं आपलं नाव त्याने ओळखलं. त्याने गाडी कडेला घेतली आणि ब्रेक दाबला.

"बुवा, लिहा," तो हात जोडून म्हणाला. "तुम्हाला सुचता ते देवाचा देना हाय. पन ह्या खेपेला गाडी कुनाची ते नका सांगू."

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं, बायडीकडे पाहिलं, आणि पहिल्या ओळीतला एक शब्द खोडून पुढे लिहू लागले.